ऑस्ट्रेलियात नव्याने राहायला गेल्यावर तिथल्या बोलीची आणि वागण्याची कोणती गंमत जाणवते?

इंग्रजी चांगले येत असूनही तिथे भाषा अडते का, असेही तुम्ही प्रश्नात विचारले आहे. अडते. मेलबर्नला येऊन मला दोन वर्षे होत आली, तरी अधूनमधून अडतेच.

पहिल्याच आठवड्यात मी चादरी घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो आणि दोन मजले पालथे घालूनही चादरी सापडेनात, तेव्हा तिथल्या बाईंनी ‘मँचेस्टर’ असे लिहिलेल्या पाटीकडे बोट दाखवले. ती पाटी मी आधीच पाहिली होती, पण तिथे फुटबॉलचे सामान असेल असे समजून पुढे गेलो होतो. इंग्लंडमधील त्या शहरातून पूर्वी सुती कापडाचा माल येत असे, त्यामुळे चादरी, टॉवेल, अभ्रे या सगळ्यांना मिळून इथे ‘मँचेस्टर’ हेच नाव पडले आहे. मी मूळचा इचलकरंजीचा, म्हणजे ज्याला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात त्या गावचा. यंत्रमागांच्या खडखडाटात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला चादरी कुठे आहेत हे विचारावे लागले, हे मी घरी अजून सांगितलेले नाही.

बाकीच्या बोलीची किल्ली मात्र मला मराठीतच सापडली. आपण जसे प्रकाशचा पक्या आणि सुरेशचा सुऱ्या करतो, तसेच ही मंडळी अर्धा शब्द छाटून त्याला ‘ओ’ किंवा ‘ई’ जोडतात. फरक एवढाच की आपण ते माणसांच्या नावांपुरते करतो आणि इथे कोणतीच वस्तू त्यातून सुटत नाही. दुपार म्हणजे ‘आर्व्हो’, पेट्रोल पंप म्हणजे ‘सर्व्हो’, कामाच्या मधली चहाची सुट्टी म्हणजे ‘स्मोको’, डास म्हणजे ‘मॉझी’. मॅकडोनाल्ड्सला सगळा देश ‘मॅकाज’ म्हणतो, आणि २०१३ मध्ये त्या कंपनीने काही दुकानांवर तशी पाटीसुद्धा लावली होती. माणसांची नावे अर्थातच सुटत नाहीत. इथे गॅरीचा ‘गॅझा’ होतो आणि शॅरनची ‘शॅझा’. माझे नाव गजानन. गावात मी गज्या होतो, आणि कार्यालयात तिसऱ्या दिवशी कोणी तरी मला ‘गॅझा’ अशी हाक मारली, तेव्हा शाळेतलाच एखादा मित्र मागे उभा असावा असे क्षणभर वाटले. आपल्याकडे मात्र साहेबांचा ‘पक्या’ करण्याची कोणाची छाती होत नाही. इथे आमच्या विभागप्रमुखांनाही अर्ध्याच नावाने हाक मारतात. सुरुवातीला मी त्यांना ‘सर’ म्हणत असे, आणि त्यामुळे तेच अवघडून जात.

बसमधून उतरताना चालकाचे आभार मानणे ही इथली आणखी एक सवय. ती मला लगेच जडली.

‘डेमॉक्रसी सॉसेज’ समजून घ्यायला मात्र निवडणूक यावी लागली. संसदेच्या निवडणुकीत मतदान करणे इथे १९२४ पासून सक्तीचे आहे आणि मतदान शनिवारी होते, त्यामुळे शाळांच्या आवारात केंद्रांबाहेर पालक मंडळी शाळेच्या निधीसाठी शेगड्या मांडून पावाच्या कापात गुंडाळलेले सॉसेज विकतात. ३ मे २०२५ रोजी मला मताचा अधिकार नव्हता आणि मी मांसही खात नाही, तरी गर्दी पाहून रांगेत उभा राहिलो. नुसता परतलेला कांदा घालून पाव मिळेल का, असे भीतभीत विचारल्यावर शेगडीवरचे गृहस्थ ‘टू ईझी, मेट’ म्हणाले आणि त्यांनी दोन माणसांना पुरेल एवढा कांदा वाढला.

सर्वांत अवघड आहे ते ‘या, ना’, म्हणजे ‘हो, नाही’ एका दमात. यात शेवटचा शब्द खरा धरायचा: ‘या, ना’ म्हणजे नकार आणि ‘ना, या’ म्हणजे होकार. पंगतीत ‘नको, नको, बरं, अर्धीच वाढा’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे जड जाऊ नये, पण दूरध्वनीवर मी अजूनही गोंधळतो. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातील नळ गळू लागला, तेव्हा प्लंबरला मी विचारले की वॉशर बदलावा लागेल का. ‘या, ना, शील बी राइट,’ असे म्हणून, म्हणजे होईल सगळे ठीक असा दिलासा देऊन, तो आर्व्होला निघून गेला. नळाखाली मी सध्या पातेले ठेवले आहे.