मुस्लिमांच्या बातम्या देताना माध्यमं खरंच पक्षपात करतात का, की हे नुसतं रडगाणं आहे? आणि करत असतील तर ओळखायचं कसं?

करतात. पण तुम्हाला वाटतं तसं नाही, म्हणजे कुणीतरी वरून फोन करून सांगतो आणि मग खोटी बातमी छापली जाते असं फार कमी वेळा होतं. मी काही वर्षं एका पेपरच्या डेस्कवर उपसंपादक होतो, नाव सांगत नाही, त्यामुळे हे जरा आतून सांगतो.

खरी गडबड आहे ती अटक आणि सुटका यांच्यामध्ये. अटक झाली की पोलिसांची पत्रकार परिषद असते, फोटो असतात, 'मास्टरमाइंड' हा शब्द आयता मिळतो, आणि हेडिंगमध्ये जागा कमी म्हणून 'संशयित' किंवा 'कथित' उडवला जातो. सुटका होते दहा वर्षांनी, एखाद्या दुपारी, कोर्टात, तिथे कॅमेरे घेऊन कुणी उभं नसतं. अशाच एका सुटकेची बातमी मी स्वतः रात्रपाळीत आठ ओळींची केली होती कारण ऐनवेळी जाहिरात आली, आणि खरं सांगतो, मला कुणीही तसं करायला सांगितलं नव्हतं. मला ती बातमी 'जुनी' वाटली, बस.

मालेगावचं २००६ चं प्रकरण बघा. ८ सप्टेंबरला स्फोट झाले, शुक्रवार आणि शब-ए-बारात, मेलेले बहुतेक नमाजाला आलेले लोक. अटक झाली नऊ मुस्लिमांना. त्यांना जामीन मिळाला २०११ मध्ये आणि विशेष न्यायालयाने दोषमुक्त केलं एप्रिल २०१६ मध्ये, तोवर नवातला एक जण वारलाही होता. आता आजूबाजूच्या दहा जणांना विचारा, अटक आठवणारे दोनचार तरी सापडतील, दोषमुक्ती आठवणारा एक सापडला तरी खूप.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाहीये. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत ७७ माणसं मारली गेली, दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या 'द सन'च्या पहिल्या पानावर अल-कायदाचं नाव होतं, मारणारा निघाला ब्रेविक, मुस्लिमांचा द्वेष करणारा गोरा नॉर्वेजियन. अमेरिकेतल्या २००६ ते २०१५ मधल्या दहशतवादी हल्ल्यांवर एक अभ्यास झालाय, त्यात किती माणसं मेली वगैरे बाकी फरक जमेस धरूनही हल्लेखोर मुस्लिम असेल तर ३५७ टक्के जास्त बातम्या आल्या असं निघालं. यातली प्रत्येक बातमी खरी असू शकते हो, पण ढीग बघा ना कशाचा जमतो.

टीव्हीचं मात्र वेगळं. तिथे सवयीपेक्षा टीआरपीचा हिशोब जास्त असतो, त्यामुळे वर जे 'फार कमी वेळा' म्हणालो ते तिथे तेवढं लागू होत नाही. २०२० मध्ये तबलीगींवरून, म्हणजे दिल्लीत जमलेल्या तबलीगी जमात या मुस्लिम धार्मिक संघटनेच्या लोकांनी कोरोना पसरवला म्हणून, जे चाललं होतं ते आठवत असेलच. त्या ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि निकालात स्पष्ट म्हटलं की माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं. ज्या चॅनलनी महिनाभर बोंब मारली त्यांनी या निकालाला किती मिनिटं दिली ते तुम्हीच शोधा. अजून एक, चर्चेला बोलावतात तो मौलाना नेहमी ओरडणाराच का असतो? मुस्लिम डॉक्टर, मुस्लिम अर्थतज्ज्ञ यांना बजेटवर किंवा साथीच्या रोगावर बोलवायला कुणाला सुचतच नाही.

आता खाली कमेंटमध्ये येणारच म्हणून आधीच लिहितो, 'उलट माध्यमं धर्म लपवतात'. हेही अगदीच खोटं नाही. दंगलीच्या बातमीत सहसा समाजाचं नाव देऊ नये असा प्रेस कौन्सिलचा संकेत आहे, म्हणून आपण 'दोन गटांत दगडफेक' लिहितो आणि वाचणारा मनातल्या मनात गट ओळखून मोकळा होतो. जर्मनीत २०१५ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कोलोनमध्ये बायकांवर मोठ्या प्रमाणात लैंगिक हल्ले झाले, संशयितांत उत्तर आफ्रिकी आणि अरब दिसणारे लोक होते, आणि झेडडीएफ या चॅनलने ४ जानेवारीच्या संध्याकाळच्या बातम्यांत ते घेतलंच नाही, नंतर माफी मागावी लागली. माझ्या मते तीही चूकच, आणि त्याचा तोटा शेवटी साध्या मुसलमानालाच झाला, कारण लोकांना वाटायला लागलं की बघा, लपवतात.

तुम्ही विचारलंय की ओळखायचं कसं. मी एकच करतो, अटकेची कुठलीही पाचसात वर्षं जुनी गाजलेली बातमी घेतो आणि त्याच पेपरच्या साईटवर त्याच आरोपीचं नाव टाकून पुढचं काय झालं ते शोधतो. बऱ्याचदा पुढचं काहीच सापडत नाही.