वाचक विचारतात : मिंग दरबारातला परकायाप्रवेश

प्रश्न : मी मराठीत दानमेई, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाची चिनी धाटणीची कादंबरी लिहीत आहे. आजचा एक चिनी विद्यार्थी मिंग काळातल्या तरुण अधिकाऱ्याच्या देहात जागा होतो आणि जिनयीवेई, म्हणजे बादशहाच्या खास पहाऱ्यातल्या सरदारावर त्याचा जीव जडतो. वाचणारे म्हणतात, छळ भरपूर आहे, पण भीती वाटत नाही. काय चुकतंय? (सांगलीहून)

उत्तर : ‘मिंग काळ’ म्हणजे पावणेतीनशे वर्षं. आधी साल पक्कं करा. आम्ही 1524 सुचवू. गादीवर आलेल्या च्याजिंग बादशहाला आपल्या जन्मदात्या वडिलांना बादशहाचा मान द्यायचा होता आणि त्याला विरोध करायला दोनशेहून अधिक अधिकारी राजवाड्याच्या झ्वोशुन दरवाजापाशी गुडघे टेकून बसले. शंभराहून अधिक जणांना दरबारी फटके बसले, सोळा-सतरा जण दगावले. आता पाहा, हे फटके मारायचं काम जिनयीवेईकडे होतं. तुमच्या नायकाला हा निकाल आधीच ठाऊक आहे, पण ‘कसं कळलं?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. सोबत्यांबरोबर बसला तर मार खाईल, न बसला तर गद्दार ठरेल, आणि काठी धरणारे प्रियकराच्या हाताखालचे. एवढं जुळलं की वेगळा खलनायक लागतच नाही. क्रौर्य एखाद्या माणसाच्या विकृतीतून आलं तर वाचक त्याचा राग करून मोकळा होतो. तेच नियमातून आलं तर सुटकेची वाट दिसत नाही.

फटक्यांनंतरचं प्रकरण बहुतेक लेखक पुढच्याच रात्री शेजेवर नेतात. तसं होत नाही. अशा मारात मांस सडतं, ते कापून काढावं लागतं, ताप चढतो, माणूस महिनोन्‌महिने पालथा पडून राहतो. नायकाला बुरशीपासून पेनिसिलिन करायला लावू नका. योग्य बुरशी मिळणं आणि त्यातून शुद्ध औषध वेगळं करणं घरच्या भांड्यांत जमणारं नाही. ऊर्ध्वपातित दारू मात्र तेव्हा मिळत होती. ती पुन्हा पुन्हा गाळून कडक केली तर जखम धुण्यापुरती चालेल. हे शुश्रूषेचे महिने घाईत उरकू नका, प्रेम तिथेच उभं राहील.

चोरून भेटायला रात्र निवडली असेल तर राजधानीतली रात्रबंदी लक्षात ठेवा. रात्रीचे पाच भाग (गंग) मानत. पहिल्यात बंदीची घंटा थांबल्यावर किंवा पाचव्यात ती पुन्हा वाजण्याआधी रस्त्यावर सापडलं तर 30 छड्या, मधल्या तीन भागांत 50. सरकारी काम, आजारपण, बाळंतपण आणि मृत्यू यांना सूट होती. म्हणून भेटीसाठी एखादा आजारी नातेवाईक आधीच्या प्रकरणांत पेरून ठेवा. ‘दहा मिनिटांनी’ असं लिहू नका. दिवस-रात्रीचे मिळून 100 भाग (ख) मानत, म्हणजे एक ख 14 मिनिटांहून थोडा मोठा.

खरी फजिती देहाची आहे. मूळ माणसाच्या आठवणी नायकाला मिळतात की नाही, हे पहिल्याच प्रकरणात ठरवा आणि पुढे बदलू नका. मिळत नसतील तर कुंचल्याचं हस्ताक्षर, बोलीचा हेल, बादशहाच्या नावातलं अक्षर टाळण्याची सवय, यांतलं काहीही त्याला उघडं पाडेल. सरदाराला संशय यावा तो इथेच. आपण ज्याच्यात गुंतलो तो या देहाचा मूळ मालक नाही, मग तो मेला कसा, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला की कादंबरी आपोआप काळवंडते.

बरोबरीचे लोक एकमेकांना विशीत मिळणाऱ्या ‘झ’, म्हणजे मानाच्या दुसऱ्या नावाने हाक मारत. जन्मनाव वडीलधारे घेत किंवा माणूस स्वतःबद्दल बोलताना घेई. सरदाराने एकांतात जन्मनाव घेणं म्हणूनच उद्धटपणाही असतो आणि जवळीकही. ती हाक दहाव्या पानावर खर्ची घालू नका.

प्रश्न : नायकाचं वय 17 चालेल का?

उत्तर : नाही. जुन्या मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि नववर्षाला एक वर्ष वाढवत. त्यामुळे तिथले 17 म्हणजे आपले 15 किंवा 16. तिथल्या हिशेबाने किमान 20 ठेवा. मुलगा प्रौढ झाल्याचा टोपीचा संस्कारही तेव्हाच होतो. आणि कैद किंवा बळजबरी दाखवणार असाल तर सुरुवातीलाच स्पष्ट सूचना द्या. मूळ चिनी वाचक अशा खुणा पाहूनच पुस्तक उघडतात.

प्रश्न : हेच कथानक मिंगनंतरच्या छिंग काळात नेलं तर? (बडोद्याहून)

उत्तर : मग मोकळे लांब केस विसरा. 1645 च्या फर्मानानंतर पुढचं डोकं भादरून वेणी ठेवणं सक्तीचं होतं, नकाराला मृत्युदंड. शिवाय 1740 च्या दंडसंहितेत दोन पुरुषांच्या राजीखुशीच्या संबंधालाही 100 फटके आणि महिनाभर गळ्यात लाकडी खोडा अशी शिक्षा आहे, म्हणजे शेजाऱ्याची तक्रारसुद्धा कथेला पुरते. आणि मिंगच्याही आधीच्या सोंग राजघराण्याच्या काळात गेलात तर जेवणातून मिरची, मका, बटाटा काढा. हे सगळं अमेरिकेतून आलेलं, तिथे मिंग काळाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतरच पोचलं.