जुने नकाशे रोलरमध्ये घालू नका

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या माळ्यावर पत्र्याच्या नळकांड्यात इंग्रजी अमदानीतले पुण्याचे नकाशे मिळाले. सगळ्यांत मोठा चार फूट बाय तीन फूट, मागे कापड लावलेलं, कडा कुरतडलेल्या. चौकातला प्लॉटरवाला म्हणतो, ‘आणा, दहा मिनिटांत स्कॅन करून पेनड्राइव्हवर देतो.’ द्यावेत का?
– वाचनालयाचे कार्यवाह, नारायण पेठ

उत्तर: नका देऊ. माणूस चांगला असेल, पण त्याचं मशीन आर्किटेक्टच्या नव्याकोऱ्या ड्रॉइंगसाठी आहे. त्यात कागद रोलरनं ओढला जातो. तुमचा कागद कापडावर खळीनं चिकटवलेला असणार आणि ती खळ आता वाळून कडक झाली असणार. कडेचा एखादा पोपडा रोलरमध्ये अडकला की पुढचं तुम्ही बघत उभे राहाल. कडा कुरतडल्यात त्या बहुधा कसरीनं. खळ तिच्या फार आवडीची.

माझी सगळी नोकरी दप्तरखान्यातले जुने कागद सरळ करण्यात गेली, म्हणून सांगते, फोटो काढणं सोपं आहे, गुंडाळी उलगडणं अवघड. एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नका, पुण्याच्या त्या हवेत असा कागद पापडासारखा मोडतो. आपणहून उलगडेल तेवढाच उलगडा, वर टीपकागद आणि सपाट वजन ठेवून आठवडाभर विसरून जा. इस्त्री नको, सेलोटेप नको, आणि लॅमिनेशनचं नावही काढू नका. हातानं रंग भरलेले असतील तर पाण्याचा थेंबही लावू नका, रंग फुटतात. तसा नकाशा जाणकार संवर्धकालाच दाखवा.

मग कॅमेरा. स्टँडवर पक्का, तोंड बरोबर खाली. नकाशा फळीवर ठेवून फळी सरकवायची, कॅमेरा नाही. दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे. वाइड लेन्स वापरू नका, कडेच्या रेघा वाकतात. नकाशातली बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून इंचाला 400 पिक्सेल धरा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका वेळी 15 बाय 10 इंचच मावतात. शेजारचा फोटो एक-तृतीयांश चढवून घेतला तर तुमच्या मोठ्या नकाशाचे पंचवीसेक फोटो होतील. ते संगणकावर जोडले की होणारी टिफ फाइल (फोटोचा सगळा तपशील राखणारी) साधारण 830 एमबीची. ती मूळ प्रत म्हणून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, वाचकांना जेपीईजी द्या. पहिल्या फोटोत मापाची पट्टी आणि रंग पडताळायची रंगपट्टी ठेवायला विसरू नका.

समास कापू नका. साल, प्रमाण, छापखाना तिथेच असतो. मागच्या कापडाचाही फोटो घ्या. जुने शिक्के, हातानं लिहिलेले क्रमांक बहुतेक वेळा पाठीवरच सापडतात, आणि नकाशा कुठल्या कचेरीतून आला ते त्यांवरूनच कळतं.

हक्काची काळजी करू नका. 1957 च्या कायद्यानुसार सरकारी प्रकाशनावरचा स्वामित्वहक्क 60 वर्षांनी संपतो.

तुमच्यातलं एखादं तरुण पोर हे सगळं क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, आजच्या नकाशावर बसवू म्हणेल. बसवू द्या, पण दोन्ही नकाशे जुळवायच्या खुणा पर्वतीचं देऊळ, शनिवारवाड्याचे बुरूज अशा घ्यायला सांगा. मुठेचा काठ धरायचा नाही; 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर तिथलं बरंच काही नव्यानं उभं राहिलंय.