गोठीतल्या आजींना काय विचारावं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गोठीतल्या, म्हणजे ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी मोहल्ल्यातल्या, आजींचं तू केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. आजींपुढे फोन ठेवून पहिलाच प्रश्न काय, तर “तुमच्या घराण्याचा इतिहास सांगा”! मग दुसरं काय होणार? आजींनी महादजींपासून सुरुवात केली. ते सगळं छापलेलं आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि त्याचंच पुढे लश्कर शहर झालं, हे ग्वाल्हेरात शाळकरी पोरंही सांगतील. पण त्या तळाबरोबर मोतद्दार, माहूत, आचारी, पाणके आले, त्यांचं काय? चिटणीसांची गोठ, आपट्यांची पायगा अशी सरदारांची नावं मोहल्ल्यांना राहिली. घोड्यांना दाणा घालणाऱ्याच्या नावाची पाटी मला तरी कुठे दिसलेली नाही.

आजींकडे परत जा, आणि या खेपेला इतिहासाचं नावही काढू नकोस. पाणी कुठून भरायचात, सोवळ्याचा स्वयंपाक कोण करायचं, कुणाकडचे गणपती बघायला जायचात, असलं विचार. त्याहून बरं म्हणजे घरातल्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखव. एका घरी मी चांदीच्या भांड्यांबद्दल विचारत बसलो होतो, हाती काही लागेना. सहज भिंतीतल्या लोखंडी कडीबद्दल विचारलं आणि म्हातारबुवा खुलले. कडीला सरदारांची घोडी बांधलेली असे, राखणीला यांचे आजोबा. घोडीनं लाथ मारली, आजोबा कायमचे लंगडे झाले, म्हणून त्यांना पागेतून काढून देवघराच्या कामाला लावलं, आणि तेव्हापासून घरात भजन आलं. हे कुठल्या बखरीत मिळणार होतं?

लिहिताना बोली धुऊन काढू नकोस. “नल पे इतकी भीड, मग मी परतच आले” असं आजी म्हणाल्या, तर तसंच राहू दे. त्यांना पुणेरी करून तुला काय मिळणार आहे? दोन बहिणींनी एकच लग्न दोन तऱ्हांनी सांगितलं, तर दोन्ही ठेव. खरं कुठलं याचा निवाडा आपण कशाला करायचा? कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला, हे त्याच दिवशी टिपून ठेव. आणि “हे लिहू नको हो” म्हटलेलं लिहायचं नाही. यावरून काही अभ्यासू मंडळी माझ्याशी भांडतात. भांडोत बापडी.

डिसेंबरात तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी तानसेनाच्या समाधीपाशी ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा या कीर्तनकारांच्या परंपरेतली हरिकथा होते, मिलाद म्हणजे पैगंबरांचं स्तुतिपठणही होतं. गायकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तू झांज धरणाऱ्यांशी, सतरंज्या घालणाऱ्यांशी बोल. घाईच्या वेळी नको, आवरून झाल्यावर चहाला बसतात तेव्हा.

आजींचं लिहून झालं की आधी त्यांना वाचून दाखव, मोठ्यानं. त्यांना कमी ऐकू येतं. त्या जे खोडायला सांगतील ते खोड. मग मला पाठव.

तुझा,
काका