पोलो जीटी टीएसआय पुण्यातल्या रस्त्यांसाठी किती मिलिमीटर खाली घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, मूळ शॉकअप, १५ इंची चाकं, रोज पुण्यात फिरणं आणि अधूनमधून घाट. ३५ मिमीचे लोअरिंग स्प्रिंग घालू, की कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड) घेऊन ४०-५० पर्यंत जाऊ?

मी सांगेन पुढे २० ते २५ आणि मागे १५ ते २०. त्याच्या खाली गाडी फोटोत छान दिसते, चालवायला मात्र मूळ गाडीपेक्षा वाईट होते. घासणं हे त्याचं एक कारण, आणि तेही सगळ्यात मोठं नव्हे.

आधी ३५ या आकड्याबद्दल. चाकणला बनलेली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच बसवलेली आहे. जर्मन कॅटलॉगातले ३५ मिमी तिकडच्या उंचीपासून मोजलेले असतात. तोच स्प्रिंग इथल्या गाडीत घातला की ती त्याहून जास्त बसू शकते. म्हणून डब्यावरचा आकडा धरू नका. तोच पार्ट नंबर घातलेली, इथलीच एखादी पोलो शोधा आणि मोजा. मोजायचं चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. चारही चाकांची मापं लिहून ठेवा, सपाट फरशीवर, टाकी अर्धी, गाडीत कोणी नाही.

आता स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. पोलोच्या दोन आसांमधलं अंतर सुमारे २.४६ मीटर. गाडी त्याच्या बरोबर मधोमध असते तेव्हा चारही चाकं उंचवट्यावरच असतात, आणि पोटाखाली माथा फक्त ४५ मिमी वर येतो. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावर ५० मिमी खाली घेतलेली पोलोही हळू नेली तर सुटते. अडचण सोसायटीच्या गेटवरच्या, फूट-दीड फूट रुंदीच्या सिमेंटच्या उंचवट्याची. तो दोन आसांच्या मध्ये अख्खा मावतो, त्यामुळे त्याची पूर्ण उंची पोटाला लागते. १२ सेंमीचा असेल तर १२ सेंमी.

तुमच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट उंचवटा स्वतः मोजा. २.४६ मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी मधोमध माथ्यावर टेकवा आणि दोन्ही टोकं रस्त्यापासून सारख्या उंचीवर आणा. टोकाखालचं ते अंतर म्हणजे पोटाखाली लागणारी जागा.

त्याच्याशी ताडायची गाडी मात्र भरलेली हवी. रिकाम्या गाडीची १६५ मिमी जागा हा निम्माच हिशोब. मागच्या प्रत्येक चाकावर ९० किलो जादा आले आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा (१ मिमी दबायला लागणारा जोर) २२ न्यूटन प्रति मिमी असेल, तर मागची बाजू ४० मिमी बसते. पुढची साधारण १५. मधल्या पोटाला २७-२८ मिमीचा फटका, उरले १३७. त्यातून ३५ काढले की १०२, २० काढले की ११७. मूळ गाडी १२ सेंमीचा उंचवटा चौघांसकट जेमतेम ओलांडते. २० खाली गेलेलीला तिरकी न्यावी लागते किंवा माणसं उतरवावी लागतात. ३५ ला माणसं उतरवली तरी हातात १ सेंमी उरतो. इंजिनाखाली लोखंडी गार्ड असेल तर सगळ्यात खालचा बिंदू तोच असतो, माप त्याच्यापासून घ्या. गार्ड घासतो म्हणून तो काढून टाकू नका. मग ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, घासतो.

बेसमेंट पार्किंगचं वेगळं. बंपरची कड पुढच्या चाकाच्या मध्यापासून ८० सेंमी पुढे असेल आणि रॅम्प आठास एक चढाचा असेल, तर चाक रॅम्पला लागेपर्यंत कडेखाली १० सेंमी जागा हवी. उतरताना ब्रेक दाबला की नाक आणखी खाली जातं.

पण खरी गोष्ट आहे शॉकअपच्या उरलेल्या चालीची, म्हणजे तो अजून किती दबू शकतो त्याची. समजा मूळ गाडीत बंपस्टॉपला (चालीच्या शेवटी अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत ७० मिमी चाल आहे. ३५ खाली गेलात की ती निम्मी झाली. तोच खड्डा निम्म्या अंतरात पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवा, कारण साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाने बदलते. बाजारातले लोअरिंग स्प्रिंग सहसा मूळापेक्षा थोडेच कडक असतात. उरलेलं काम बंपस्टॉपचं रबर करतं. वळणात गाडी एका बाजूला झुकलेली असताना ते रबर लागलं की त्या चाकाचा कडकपणा एकदम वाढतो आणि पकड सुटते. घाटात लो केलेली गाडी ‘उडते’ असं लोक म्हणतात ते हेच. २० ला चाल ५० राहते, हिशोब दुपटीवर येतो. तेवढा थोडासा कडक स्प्रिंग आणि चांगला शॉकअप मिळून सांभाळतात.

दुसरं, पुढचा खालचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा. गाडी जमिनीवर उभी असताना खाली वाकून बघा: आतल्या बुशचं (सांगाड्याकडच्या रबरी सांध्याचं) केंद्र आणि बाहेरच्या बॉलजॉइंटचं (चाकाकडच्या गोळीच्या सांध्याचं) केंद्र. मूळ उंचीवर बॉलजॉइंट किंचित खाली असतो. गाडी खाली घेत गेलात की आर्म आडवा होतो, त्यापुढे बाहेरचं टोक वर चढतं. तिथून रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतं, म्हणजे गाडी खाली जाऊनही वळणात तेवढीच किंवा जास्त झुकते. टाय रॉडचा (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो आणि खड्ड्यावर स्टेअरिंग आपोआप हलतं. आर्म आडवा झाला की थांबा. माझ्या मते ही मर्यादा दिसण्यापेक्षा आणि घासण्यापेक्षाही महत्त्वाची आहे.

स्प्रिंग कापू नका. सहा आटे चालू असलेल्या स्प्रिंगचा एक कापला तर तो २० टक्के कडक होतो, हे खरं. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि गॅसने तापवून बसवला तर पोलादाचं पाणीच उतरतं. मागे तर आणखी वाईट. पोलोच्या मागच्या टॉर्शन बीमवर (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) स्प्रिंग शॉकअपपासून वेगळा बसतो, जास्त आखूड झाला की जॅकवर सुटा होऊन निसटतो.

मूळ शॉकअप ५०-६० हजार किमी चाललेले असतील तर नव्या स्प्रिंगसोबत तेही बदला, मजुरी एकदाच लागते. बिल्स्टाइनमध्ये बी६ मूळ उंचीसाठी आणि बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड असतो; २०-२५ साठी बी८ योग्य. कॉइलओव्हर घ्यायचाच तर बॉडी खालच्या ब्रॅकेटमध्ये फिरवून उंची बदलणारा घ्या. नुसती स्प्रिंगची बैठक खाली आणणारा प्रकार तुमची चालच खातो. पावसाळ्यात कॉइलओव्हरच्या बॉडीवरचे स्क्रूसारखे आटे गंजतात, ते धुऊन ग्रीस लावणं आलं.

फिटिंगच्या वेळी गॅरेजवाले हमखास चुकतात ती गोष्ट: खालच्या आर्मचे आणि मागच्या बीमचे बुश बोल्ट चाकं लोंबकळत असताना घट्ट करणं. गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, दोनदा दाबून बसवा, मग ठरलेल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) घट्ट करा. टॉर्क देऊन वर ठरावीक कोनात आणखी फिरवायचे बोल्ट नवेच घाला. वरचं स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकअपची वरची बैठक), बेअरिंग आणि धूळरबर त्याच वेळी बदला. बंपस्टॉप स्प्रिंगवाल्याच्या कागदावर असेल तेवढाच कापा.

टायरने काही मिमी परत मिळतात. १८५/६० आर१५ चा व्यास ६०३ मिमी. १९५/६० आर१५ चा ६१५, म्हणजे गाडी ६ मिमी वर. २०५/४५ आर१६ घेतलात तर ५९१, उलट ६ मिमी खाली. लोअरिंग आणि टायर एकदम बदलणारे हा हिशोब विसरतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, म्हणून काम करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून नव्याने जुळवून घ्या, पुढचं आणि मागचं सारखं खाली गेलेलं नसतं.

अलाइनमेंट दोनदा. पहिलं त्याच दिवशी. मग ५०० किमी झाले की चारही कमानींची मापं पुन्हा घ्या. स्प्रिंग बसून काही मिमी फरक पडतो. दुसरं अलाइनमेंट त्या उंचीवर, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकी पोती ठेवून. टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) शून्याच्या जवळ ठेवा. नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतो आणि ते वरून दिसत नाही, हात फिरवल्यावरच कळतं.