अनोळखी जिवाणू-प्रथिनाची स्फटिकरचना कशी ठरवतात?

नागपूरच्या मातीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूत कार्य अज्ञात असलेले एक प्रथिन आढळले असून त्याची स्फटिकरचना (स्फटिकावरून कळणारी अणूंची त्रिमितीय मांडणी) काढता येईल का, असा आपला प्रश्न आहे. काढता येते, मात्र खरा वेळ संगणकावर नव्हे, तर स्फटिक मिळवण्यात जातो.

जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत घालून प्रथिन तयार करावे, निकेल कॉलममधून (हिस्टिडिनची शेपटी जोडलेले प्रथिन धरून ठेवणाऱ्या नळीतून) शुद्ध करावे आणि साधारण 10 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर इतके संहत करून त्याचे एकेक मायक्रोलिटरचे थेंब निरनिराळ्या क्षार व पीईजीच्या (पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या) द्रावणांवर उलटे लटकवून ठेवावेत, म्हणजे थेंबातले पाणी हळूहळू कमी होऊन स्फटिक वाढू शकतात. तापमान स्थिर हवे, सहसा 20 अंश. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या घरात असताना वीज गेली, तर अख्खा ट्रे वाया जाऊ शकतो, म्हणून हे काम हिवाळ्यात उरकलेले बरे. चमकदार स्फटिक दिसताच हुरळून जाऊ नये: सुईने दाबल्यावर तो कट्‌कन फुटला तर बहुधा क्षाराचाच असतो, प्रथिनाचा अलगद चुरतो.

स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ते ठरावीक दिशांना विखुरतात; या विवर्तनातून किरणांची तीव्रता मिळते, पण रचना काढायला लागणारी कला (लहरींची एकमेकींच्या तुलनेतली स्थिती) मिळत नाही. पूर्वी अशा वेळी प्रथिनातील मेथिओनिन या अमिनो आम्लाच्या जागी त्याचे सेलेनियमयुक्त रूप, सेलेनोमेथिओनिन, घालून कला काढत. 2021 नंतर अल्फाफोल्ड या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणक-प्रणालीच्या प्रारूपावरून मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (मिळत्याजुळत्या प्रारूपावरून कला काढणे) पुष्कळदा जमते. मोजणीसाठी इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) प्रथिन-स्फटिकांची स्वतंत्र बीमलाइन, म्हणजे किरण स्फटिकापर्यंत आणणारे मोजणी-केंद्र, आहे.

रचना मिळाली म्हणजे कार्य कळलेच असे नाही. परंतु प्रथिनाच्या खाचेत जस्ताचा अणू किंवा ई. कोलायमधूनच सोबत आलेला एखादा रेणू दिसला, तर पुढचा प्रयोग कोणता करावा हे उमगते.