वाचक विचारतात : पाच वेळा दुसरा, एकदाही पहिला नाही

मागील अंकातील अमेरिकन रॉक संगीतावरच्या टिपणात ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिवायव्हल’ या बँडचा केवळ एका ओळीत उल्लेख आला होता, आणि त्या ओळीवर आलेली पत्रे संपूर्ण टिपणावर आलेल्या पत्रांहून जास्त भरली. बहुतेकांची विचारणा या बँडच्या तबकड्या आणि बिलबोर्ड साप्ताहिकाच्या क्रमवारीतील त्यांचे स्थान याविषयी असल्याने या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. जॉन फोगर्टी, त्यांचे थोरले बंधू टॉम फोगर्टी, बासवादक स्टू कुक आणि ड्रमवादक डग क्लिफर्ड हे कॅलिफोर्नियातील एल सेरिटो गावचे चौघे शाळकरी वयापासून एकत्र वाजवत होते. १९६८ च्या आरंभी त्यांनी आपल्या बँडला हे लांबलचक नाव दिले. सोयीसाठी पुढे त्यांचा उल्लेख ‘क्रीडन्स’ एवढाच केला आहे.

प्रश्न : या बँडची पाच गाणी अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली, परंतु एकही पहिल्या क्रमांकावर गेले नाही, असे वाचले. हे खरे आहे काय, आणि असल्यास त्याचे कारण काय?

उत्तर : खरे आहे. बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ या मुख्य क्रमवारीत क्रीडन्सच्या पाच सिंगल (सुट्या गाण्यांच्या छोट्या) तबकड्या दुसऱ्या क्रमांकावर येऊन थांबल्या. १९६९ मध्ये ‘प्राउड मेरी’, ‘बॅड मून रायझिंग’ आणि ‘ग्रीन रिव्हर’, तर १९७० मध्ये ‘ट्रॅव्हलिन बँड’ आणि ‘लुकिन आउट माय बॅक डोअर’. पहिला क्रमांक कधीही न मिळता इतक्या वेळा दुसरा क्रमांक मिळवण्याचा विक्रम आजही याच बँडच्या नावावर सांगितला जातो.

कारण शोधताना त्या त्या आठवड्यांत वर कोण बसले होते ते पाहावे लागते. ‘प्राउड मेरी’ मार्च १९६९ मध्ये तीन आठवडे दुसऱ्या स्थानी होते. पहिल्या आठवड्यात त्याच्या वर स्लाय अँड द फॅमिली स्टोन यांचे ‘एव्हरीडे पीपल’ होते आणि पुढचे दोन आठवडे टॉमी रो यांचे ‘डिझी’. जूनच्या अखेरीस ‘बॅड मून रायझिंग’ची वाट हेन्री मॅन्सिनी यांच्या वाद्यवृंदाने वाजवलेल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ चित्रपटाच्या प्रेमधुनेने अडवली, म्हणजे ज्यात कोणी गातच नाही अशा तबकडीने. सप्टेंबरमध्ये ‘ग्रीन रिव्हर’च्या वर ‘शुगर, शुगर’ होते. ते गाणे ‘द आर्चीज’ या व्यंगचित्र मालिकेतील बँडच्या नावाने निघाले होते. पडद्यावर रेखाटलेली मुले गिटार वाजवत आणि प्रत्यक्ष गाणारे कलावंत स्टुडिओत अनामिक राहत. बिलबोर्डच्या वार्षिक यादीत १९६९ चे अव्वल गाणे तेच ठरले. हाडामांसाच्या चार वादकांना चित्रातल्या बँडने रोखावे, ही त्या वर्षाची थोडी थट्टाच म्हणायची. पुढे मार्च १९७० मध्ये सायमन आणि गारफंकल यांचे ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी डायना रॉस यांचे ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ आडवे आले.

वाट अडवणारी ही सहाही गाणी एकमेकांसारखी मुळीच नाहीत, त्यामुळे लोकांना रॉक नको होते किंवा बँडचा बाज मागे पडत होता, असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. क्रमांक हा त्या आठवड्यातील शेजाऱ्यांवर ठरतो. गाणे किती खपले याइतकेच वरचे गाणे किती खपले यालाही तेथे महत्त्व असते. याला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागते. १९६९ मध्ये क्रीडन्सने जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा साधारण तीन-तीन महिन्यांच्या अंतराने चार सिंगल काढल्या. एक गाणे शिखराजवळून उतरते न उतरते तोच पुढचे रेडिओवर हजर होत असे. आमच्या मते या घाईने बँडला सतत क्रमवारीत ठेवले, पण कोणत्याही एका गाण्याला वर रेंगाळू दिले नाही.

प्रश्न : अमेरिकेबाहेर तरी त्यांना पहिला क्रमांक मिळाला का?

उत्तर : मिळाला. ब्रिटनच्या अधिकृत क्रमवारीत सप्टेंबर १९६९ मध्ये ‘बॅड मून रायझिंग’ तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. गंमत अशी की त्याच महिन्यात मायदेशी त्यांचे ‘ग्रीन रिव्हर’ दुसऱ्या क्रमांकावर अडकले होते.

प्रश्न : ‘फॉर्च्युनेट सन’ हे गाणे एका यादीत १४ व्या क्रमांकाचे म्हणून दिलेले आढळते, तर दुसऱ्या यादीत ३ ऱ्या. यांपैकी बरोबर कोणते?

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, आणि या प्रश्नासाठी आम्ही पत्रलेखकाचे खास आभार मानतो, कारण क्रमवारीचे आकडे वाचताना होणारी सर्वांत सामान्य गफलत त्यातून समजते.

त्या काळची सिंगल म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी. तिच्या प्रत्येक बाजूवर एक गाणे असे. कंपनी ज्या गाण्याची जाहिरात करी ती ‘ए’ बाजू आणि पाठीमागची ती ‘बी’ बाजू. बहुतेक बँडांच्या ‘बी’ बाजूला भरतीचे गाणे असे. क्रीडन्सचे तसे नव्हते. त्यांची तबकडी उलटली तर मागेही तितकेच ताकदीचे गाणे निघे, आणि मग काही रेडिओ केंद्रे पुढची बाजू वाजवत तर काही मागची.

बिलबोर्डची ‘हॉट १००’ त्या वेळी दुकानांतील विक्रीचे अहवाल आणि रेडिओवरील वादन यांच्या मेळातून तयार होई. १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत त्यांचा नियम असा होता की तबकडीच्या दोन्ही बाजू लोकप्रिय झाल्या तर प्रत्येक बाजूला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. म्हणूनच ‘ग्रीन रिव्हर’ दुसऱ्या क्रमांकावर, तर त्याच तबकडीच्या मागचे ‘कमोशन’ ३० व्या क्रमांकावर दिसते. ‘बॅड मून रायझिंग’च्या मागील ‘लोडाय’ही असेच स्वतंत्रपणे ५२ व्या क्रमांकापर्यंत गेले. म्हणजे ग्राहक पैसे एकाच तबकडीचे मोजत होता, पण त्याची पसंती कागदावर दोन ओळींत वाटली जात होती.

‘डाउन ऑन द कॉर्नर’ आणि ‘फॉर्च्युनेट सन’ ही दोन गाणी एकाच तबकडीच्या दोन बाजूंना होती आणि दोन्ही जोरात वर चढत होती. २२ नोव्हेंबर १९६९ च्या अंकात ‘फॉर्च्युनेट सन’ एकट्याने १४ व्या स्थानी होते. पुढच्याच अंकापासून, म्हणजे २९ नोव्हेंबरपासून, बिलबोर्डने नियम बदलला. दोन्ही बाजू लोकप्रिय असतील तर त्यांना एकत्र धरून एकच क्रमांक द्यायचा असे ठरले. परिणामी त्या आठवड्यात ही जोडी एका ओळीत, ९ व्या क्रमांकावर आली आणि २० डिसेंबर रोजी तिने तिसरा क्रमांक गाठला. १४ हा ‘फॉर्च्युनेट सन’चा एकट्याचा सर्वोच्च क्रमांक आणि ३ हा संपूर्ण तबकडीचा. यादी करणाऱ्याने यांपैकी कोणता आकडा घेतला हे त्याने सांगितले नाही, तर वाचकाचा गोंधळ होणारच.

यावरून एक तर्क मांडण्याचा मोह होतो, की नवा नियम काही महिने आधी आला असता तर ‘ग्रीन रिव्हर’ पहिले ठरले असते. पत्रलेखकानेही तसे सुचवले आहे. आम्हाला तो तर्क पुरता पटत नाही. ‘ट्रॅव्हलिन बँड’ आणि त्याच्या मागचे ‘हू’ल स्टॉप द रेन’ ही जोडी नव्या नियमाखालीच मोजली गेली, ‘लुकिन आउट माय बॅक डोअर’ आणि ‘लाँग अ‍ॅज आय कॅन सी द लाइट’ ही जोडीही तशीच, आणि तरीही दोन्ही दुसऱ्याच क्रमांकावर थांबल्या. नियमामुळे नुकसान झाले असेल, पण सारा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

प्रश्न : त्यांचे एकूण आल्बम किती, आणि क्रमवारीत ते कोठवर गेले? एका वर्षात तीन आल्बम काढले हे खरे का?

उत्तर : स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले आल्बम सात, सर्व फँटसी या कंपनीचे. १९६८ चा पहिला आल्बम बँडच्याच नावाने निघाला आणि ५२ व्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातील ‘सुझी क्यू’ हे डेल हॉकिन्स यांचे जुने गाणे क्रीडन्सने साडेआठ मिनिटांहून अधिक लांबवले होते. ते सिंगलच्या एका बाजूवर मावेना, म्हणून अर्धे पुढे आणि अर्धे मागे असे दोन भाग करून काढले, आणि तेच त्यांचे पहिले यशस्वी गाणे ठरले. त्याचा सर्वोच्च क्रमांक ११ होता.

१९६९ मध्ये खरोखरच तीन आल्बम आले. ‘बायू कंट्री’ सातव्या, ‘ग्रीन रिव्हर’ पहिल्या आणि ‘विली अँड द पुअर बॉइज’ तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. येथे एक बारकावा नजरेआड होऊ नये. ‘ग्रीन रिव्हर’ हे गाणे २७ सप्टेंबरच्या अंकात दुसऱ्या क्रमांकावर अडले, आणि पुढच्याच आठवड्यात, ४ ऑक्टोबर रोजी, त्याच नावाचा आल्बम आल्बमांच्या क्रमवारीत पहिला आला आणि चार आठवडे तेथेच राहिला. ‘क्रीडन्सला पहिला क्रमांक मिळालाच नाही’ हे वाक्य सिंगलपुरतेच खरे आहे, हे यावरून लक्षात यावे.

जुलै १९७० मधील ‘कॉस्मोज फॅक्टरी’ हा त्यांचा शिखरबिंदू. तो नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. ‘कॉस्मो’ हे डग क्लिफर्ड यांचे टोपणनाव आणि ‘फॅक्टरी’ म्हणजे बर्कलीतील त्यांची सरावाची जागा. या आल्बममधील ११ गाण्यांपैकी सहा गाणी तीन सिंगलच्या दोन्ही बाजूंनी त्याच वर्षी बाजारात आली आणि तिन्ही सिंगल पहिल्या चारांत गेल्या. वर्षअखेरीचा ‘पेंड्युलम’ पाचव्या क्रमांकावर गेला. त्यातील ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ हे गाणे सिंगल म्हणून आठव्या क्रमांकावर आले. १९७१ च्या आरंभी टॉम फोगर्टी बाहेर पडले. उरलेल्या तिघांनी गीतलेखन आणि गायन वाटून घेत १९७२ मध्ये ‘मार्दी ग्रा’ काढला, तो १२ व्या क्रमांकावर थांबला आणि ऑक्टोबरात बँड विसर्जित झाला. त्या शेवटच्या आल्बमविषयी आम्ही फारसे लिहीत नाही. तो ऐकूनही हाती थोडेच लागते.

प्रश्न : १९७२ मध्ये संपलेल्या बँडचा आल्बम आजच्या क्रमवारीत कसा दिसतो?

उत्तर : आपण पाहिला तो आल्बम ‘क्रॉनिकल’ असणार. १९७६ मध्ये निघालेल्या या संकलनात २० गाणी आहेत. वर सांगितलेल्या बहुतेक सिंगल, दोन्ही बाजूंसह, त्यात आल्या आहेत, शिवाय ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’चे अकरा मिनिटांचे पूर्ण ध्वनिमुद्रणही आहे. हेच गाणे त्या वर्षी छोटे करून सिंगल म्हणून काढले तेव्हा, बँड मोडून चार वर्षे होत आली असतानाही, ते ४३ व्या क्रमांकापर्यंत गेले.

जुना आल्बम नव्यांच्या रांगेत दिसण्यामागे पुन्हा नियमच आहेत. मे १९९१ मध्ये बिलबोर्डने जुन्या आल्बमांची वेगळी यादी केली आणि मुख्य क्रमवारीतून त्यांना वगळले. ही आडकाठी डिसेंबर २००९ मध्ये उठवण्यात आली. पुढे डिसेंबर २०१४ पासून गाणी ऑनलाइन ऐकण्याचीही मोजदाद सुरू झाली. १५०० वेळा ऐकणे म्हणजे एका आल्बमची विक्री, असे तेव्हाचे प्रमाण होते. ज्यांची गाणी रोज थोडी थोडी पण अखंड ऐकली जातात, अशा जुन्या संकलनांना हा हिशेब फारच मानवला. ‘क्रॉनिकल’ने मुख्य क्रमवारीत ५०० हून अधिक आठवडे काढले आहेत. ज्या बँडने हे नाव पाच वर्षेही लावले नाही, त्याच्या संकलनाचा मुक्काम त्याच्या दुपटीवर गेला.

पत्रात ‘डायमंड’ हा शब्द आला आहे, त्याविषयी थोडे. ते अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योग संघटनेचे प्रमाणपत्र असून, १ कोटी प्रतींचा टप्पा ओलांडल्यावर मिळते. ‘क्रॉनिकल’ला ते मिळाले आहे. प्रमाणपत्र एकूण खप सांगते आणि क्रमवारी एका आठवड्याची चढाओढ, तेव्हा दोहोंची सरमिसळ करू नये.

प्रश्न : माझ्याकडे १९८० ची ‘द रॉयल अल्बर्ट हॉल कॉन्सर्ट’ ही तबकडी आहे. ती लंडनची नाही असे एका मित्राने सांगितले. खरे काय?

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे. फँटसीने ते ध्वनिमुद्रण लंडनचे समजून प्रसिद्ध केले, पण ते ३१ जानेवारी १९७० रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड कोलिझियम येथे झालेल्या कार्यक्रमाचे निघाले. चूक ध्यानात आल्यावर पुढील आवृत्त्यांचे नाव ‘द कॉन्सर्ट’ असे करण्यात आले. आपल्या वेष्टनावर जुने नाव आहे, याचा अर्थ आपली प्रत दुरुस्तीपूर्वीची आहे. अल्बर्ट हॉलमधील एप्रिल १९७० चा खरा कार्यक्रम ऐकायचा असल्यास २०२२ मध्ये निघालेला ‘अ‍ॅट द रॉयल अल्बर्ट हॉल’ हा आल्बम मिळवावा. जुनी तबकडी मात्र टाकून देऊ नये, वादन त्यावरही अस्सल क्रीडन्सचेच आहे.